मुत्सद्द्यांच्या हातातल्या बांगड्या

तीर्थस्वरूप आत्येस,

साष्टांग नमस्कार. (पाठ धरली आहे, त्यामुळे आठांपैकी चारच अंगांचा आहे, गोड मानून घे.) गुडघे काय म्हणतात? आमचं बरं चाललं आहे, म्हणजे कालपर्यंत चाललं होतं.

बाबांनी काढलेलं त्या थोर मुत्सद्द्यांचं तैलचित्र कचेरी हलवताना हरवलं, हे तू जाणतेसच. त्याचं आधीचं पेन्सिलीचं रेखाटन मला माळ्यावर सापडलं. ते मी संग्रहालयात नेलं आणि तिथेच माती खाल्ली. समिती म्हणाली, चित्र अस्सल आहे, पण सही नाही, तेव्हा पाटीवर 'अज्ञात चित्रकार' लिहू. जन्मभर रंगांत हात बुडवून बसलेला माझा बाप अज्ञात! डोकंच फिरलं माझं. त्यात अध्यक्षांनी मनगटावरच्या पुसट रेघांवर भिंग धरलं. त्या म्हणे तुरुंगातल्या बेड्यांच्या खुणा; त्यांवर त्यांनी आठवड्याभरात अख्खं प्रकरण लिहून काढलं आहे. मग मात्र मला राहवेना. मुत्सद्दी फक्त चेहऱ्यापुरते दहा मिनिटं बसले, आणि धडासाठी बाबांनी नेहमीप्रमाणे घरातलं कुणीतरी बसवलं, हे मी सांगून टाकलं. (रिकामी तू कधीच नव्हतीस, पण सापडलीस.) त्या बेड्या म्हणजे माझ्या आत्येच्या नीट न खोडलेल्या बांगड्या, आणि राज्याचा गाडा हाकणाऱ्या त्या मुठीत लोकरीचा गुंडा होता. अध्यक्षांचा चेहरा उतरला. पुरावा आणा म्हणाले, नाहीतर पाटी आहे तशीच लागेल.

बाबांवरचा तुझा राग मला तोंडपाठ आहे. साऱ्या जगाची चित्रं काढली, सख्ख्या बहिणीचं एक नाही! त्याबद्दल मी त्यांची बाजू घेत नाही. लोभ आहेच, या महिन्यापुरता थोडा वाढव.

तुझा भाचा

ता. क. सोमवारी अकरा वाजता समितीला तुझा उजवा हात पाहायचा आहे. उरलेली तूही ये. लोकर आण.

ता. क. पुन्हा. पाकीट चिकटवणार तेवढ्यात संग्रहालयातून बोलावणं आलं. त्यांनी कागद कसल्याशा यंत्राखाली धरला, तर मुत्सद्द्यांच्या चेहऱ्याखाली खोडलेला दुसरा चेहरा निघाला. आत्या, तो तुझा आहे. बाबा आधी तुझंच चित्र काढत होते. नाकापर्यंत आलं आहे. पुढे तू उठून गेली असशील. मला तिथे सगळ्यांसमोर रडू आलं. अध्यक्ष अजून म्हणतात, ओळख पटायला हवी. चेहरा भयंकर चिडलेला आहे. सोमवारी तोच घेऊन ये.