हरणाऱ्यानं सोंगट्या मांडायच्या

छत्रपती संभाजीनगर,
३ डिसेंबर २०२४

ती. सोनाजीकाकांना शाइस्ताचा आदाब. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. अब्बांच्या छातीला दिवसभर यंत्र लावलं होतं. जिना चढताना, नमाजात ठोके ठीक. तुमच्याशी बुद्धिबळाचा डाव रंगला की मात्र दाणादाण. डॉक्टर म्हणाले, हार त्यांच्या मनाला लागते आणि हृदयाला ते सोसत नाही. तुमचं दोघांचं म्हणजे तुझं माझं जमेना अन् तुझ्यावाचून करमेना. खेळ बंद करा म्हणायची माझी हिंमत नाही. येत्या रविवारी तेवढं हरून जा. मला अब्बा हवे आहेत.

माया आहे तशीच राहू द्या.
तुमची शाइस्ता

कन्नड,
१० डिसेंबर

चि. शाइस्ताला सोनाजीकाकाचे अ. उ. आ.

तुझ्या शब्दाखातर घोड्याच्या तोंडी वजीर दिला. गयासनं माझ्याकडं बघितलं, वजीर मारला, डाव जिंकला. हरणाऱ्यानं पुढच्या डावाच्या सोंगट्या मांडायच्या, हा आमचा तरुणपणापासूनचा रिवाज. मी हात पुढं केला, तर त्यानं तो बाजूला सारला आणि स्वतःच सगळ्या मांडल्या. एसटी स्टँडवर सोडायलाही आला नाही. पोरी, लई वाईट वाटलं. त्याची तब्येत कळव.

काकाला विसरू नको.
सोनाजी

छत्रपती संभाजीनगर,
१८ डिसेंबर

ती. काकांना सा. न. वि. वि.

ठोके आता एकसारखे पडतात. डॉक्टर खूश आहेत. अब्बा मात्र भिंतीकडे तोंड करून पडून असतात, नीट जेवत नाहीत. अम्मीला म्हणाले, सोनाजीनं मला मेल्यात जमा केलं. तुम्हाला त्यांचा निरोप आहे, हरायचंच असेल तर येऊ नको. काका, चूक माझी. या, आणि नेहमीसारखे खेळा.

रागावू नका, एवढीच विनंती.
शाइस्ता

कन्नड,
२४ डिसेंबर

चि. शाइस्ताला अ. उ. आ.

हे गयासला वाचून दाखव. रविवारी येतोय. आजारी असशील तर अस, मी दयामाया करणार नाही. सोंगट्या मांडून मांडून हात दुखले पाहिजेत तुझे.

दोघांवर लोभ आहेच.
सोनाजी

छत्रपती संभाजीनगर,
२ जानेवारी २०२५

ती. काकांना सा. न. वि. वि.

रविवारी तुम्ही डाव खेळायला आलात आणि कबरीत मूठभर मिट्टी देऊन परत गेलात. त्या गर्दीत मला काही सांगता आलं नाही.

शनिवारी सकाळी तुमचं पत्र वाचून दाखवलं. अब्बा उठून बसले, दाढी नीट करून घेतली, पोटभर खिचडी खाल्ली. माझा हात छातीवर ठेवून म्हणाले, बघ, त्या कन्नडवाल्यानं नुसतं लिहिलं तरी कसं धडधडतंय. हसत होते. संध्याकाळी ते थांबलं.

डॉक्टर म्हणतात, एवढी खुशीही त्यांना झेपणारी नव्हती. मला रडू आवरत नाही. पण काका, सगळं माहीत असूनही ते पत्र मी त्यांना पुन्हा वाचून दाखवलं असतं.

आमच्यावरचा लोभ अब्बांबरोबर संपवू नका.
शाइस्ता