टेकडीला ऐकू येईना

४ मार्च, सोमवार

हवा विकली! लेक जेवताना म्हणाला, "आई, आपल्या टीव्हीच्या लहरींचा लिलाव झाला." लिलावात मी कपाटं बघितली, गाड्या बघितल्या, एकदा दात नसलेली घोडीसुद्धा बघितली. पण लहरी? दिसत नाहीत, हातात येत नाहीत, आणि फोन कंपनी घेऊन मोकळी!

येत्या सोमवारी टेकडीवरचं टीव्ही केंद्र बंद. आधी ह्यांनी तिथली यंत्रं बत्तीस वर्षं सांभाळली, मग लेकाने. आता तोच लेक त्याच टेकडीवर फोनचं यंत्र बसवणार. मी म्हटलं, "आणि माझी मालिका?" तर म्हणतो, "आई, ह्या लहरी लांब जातात. भिंतीतून जातात, डोंगराच्या वळणाआड जातात. टेकडीमागच्या दरीत फोन लागेल. भिंगरीच्या घरात!"

मग मालिका गेली खड्ड्यात.

७ मार्च, गुरुवार

वही नवीन आहे म्हणून सांगते — भिंगरी म्हणजे माझी नात. ह्या लेकाचीच लेक. लहानपणी एका जागी ठरत नव्हती, आता सक्तीने अंथरुणात आहे. नववा लागलाय. मी पणजी होणार! आज शेजारणीला तिसऱ्यांदा सांगितलं. तिने तिसऱ्यांदा आश्चर्य दाखवलं, चांगली बाई आहे.

पण रक्तदाब चढलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्या खडबडीत रस्त्याने तिला उगाच हलवायचं नाही. "डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, की त्या क्षणी फोन करा, गाडी पाठवते." फोन करा म्हणे! दरीत तारेचा फोन कधी पोचलाच नाही. मोबाइल लागतो तो पुलावर, तासभर चालून गेलं की. नातजावई म्हणतो, "आजी, मी पळत जाईन." अरे बाबा, तू पळशील, पण तोवर तिच्यापाशी कोण?

११ मार्च, सोमवार

बरोबर बारा वाजता टीव्ही गेला. बातम्यांवाली बाई वाक्य अर्धं टाकून गेली. पडद्यावर नुसत्या मुंग्या.

टीव्ही बंद केला, डबा चालूच ठेवला. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तारा भरून ह्यांनी स्वतःच्या हाताने केलेला. छतावरच्या अँटेनाकडून आलेलं चित्र तो ठसठशीत करायचा. "टीव्ही बंद कर, पण डब्याला हात लावू नकोस," असं बजावायचे. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली, डब्यावरचा लाल दिवा आहे तसा आहे. असू दे.

१४ मार्च, गुरुवार

बाळाच्या झबल्यांना इस्त्री केली. एकोणीस! सूनबाई म्हणाली, "आई, एका बाळाला की पलटणीला?" माझ्या खोलीत प्लगची जागा एकच, म्हणून तीन वाजता डब्याचा काढला, पाचला परत लावला. ह्यांची माफी मागून. एका झबल्याला इस्त्रीचा डाग पडला. ते तळाला ठेवलं.

१५ मार्च, शुक्रवार

लेक जेवला नाही. परवापासून नवं यंत्र चालू आहे, पण टेकडीला ऐकू येत नाही! म्हणजे टेकडी बोलते ते दरीत पोचतं. पण दरीतल्या फोनचा बारीक आवाज टेकडीपर्यंत येता येता बुडून जातो. "गावात काहीतरी किंचाळतंय, आई. आपल्या कानांना नाही, यंत्राला ऐकू येतं."

बुधवारपर्यंत ते सापडलं नाही, तर फोन कंपनीच्या साहेबबाई दरीतले फोन सुरू करायला सही करणार नाहीत. किंचाळणं नुसतं थांबून चालत नाही, कारण हातात दाखवावं लागतं. नाहीतर दोन महिने थांबायचं. दोन महिने! बाळ काय थांबणार आहे?

१७ मार्च, रविवार

लेक माशाच्या काट्यासारखी अँटेना हातात धरून गल्लोगल्ली हिंडतोय. बेकरी, शाळा, वेल्डिंगवाला. लोक विचारतात, "काय हरवलं?" आपल्या गल्लीच्या तोंडाशी आला की मीटर बंद करतो, बूट झटकतो, घरात येतो. मी पाय बुडवायला गरम पाणी देते.

१८ मार्च, सोमवार

नर्सबाई दरीतून निरोप घेऊन आली. भिंगरीचे पाय सुजलेत.

१९ मार्च, मंगळवार

जेवताना लेक कागद पसरून बसला. त्या गोंगाटाच्या रेघोट्या. "दिवसरात्र चालू. फक्त गुरुवारी थांबला, तीन ते पाच. त्या वेळी कुठलं दुकान बंद होतं, आठवतंय का कुणाला?"

"बेकरी?" सूनबाई म्हणाली.

माझा घास तोंडातच राहिला. खोलीत येऊन ही वही उघडली. गुरुवार. इस्त्री. तीन. पाच.

चार वेळा वाचलं. चारही वेळा तेच! लाल दिवा माझ्याकडे बघतोय. लेकाने सगळं गाव पालथं घातलं, आणि किंचाळतोय तो त्याच्याच बापाचा डबा! गावभर हसतील त्याला. गुपचूप काढून ठेवला तर? कुणाला कळणार? — पण मग कारण कुठून दाखवणार तो? आणि भिंगरी?

प्लग काढला. दिवा लगेच गेला नाही. जरासा रेंगाळला, मग गेला. सहा वर्षांत एवढी रिकामी खोली नव्हती झाली.

२० मार्च, बुधवार

सकाळी डबा पिशवीत घालून टेकडी चढले. एकटी, गुडघ्यांना शिव्या देत. लेक साहेबबाईंसमोर उभा. "कालपासून थांबलंय मॅडम, पण कारण अजून—"

मी डबा टेबलावर ठेवला. "हे घ्या कारण."

लेक कानापर्यंत लाल. "आई, आपल्या घरात? मी सगळं गाव शोधलं गं!"

साहेबबाईंनी डबा जोडला — पडद्यावर रेघोट्यांचा डोंगर. काढला — सपाट. परत जोडला. डोंगर! म्हणाल्या, "म्हातारा झाला की असा किंचाळायला लागतो."

मी म्हटलं, "आमच्या ह्यांचं उलट. म्हातारे झाले तसे गप्प होत गेले."

कुणी हसेना. मग लेकच हसला, आणि हसता हसता डोळे पुसायला लागला. सही झाली.

सव्वाचारला फोन वाजला. "आजी, मी भिंगरी. डोकं फुटतंय गं. समोरचं घड्याळ दिसत नाही." अंथरुणातून बोलत होती! "डॉक्टरीणबाईंना सांगितलंय, गाडी निघालीय. मला झोप येतेय. तू बोलत राहा."

बोलत राहिले. पन्नास मिनिटं. दात नसलेली घोडी, एकोणीस झबली, डागाचं झबलं, डबा, काय नि काय. ती गप्प झाली की ओरडायचे, "ऐकतेस ना?" पलीकडून "हं." त्या "हं"वर जीव टांगलेला. एकदा "हं" आलाच नाही. मी "भिंगरी, भिंगरी" करत राहिले, करत राहिले. मग गाडीचा आवाज, नर्सबाईचा आवाज, आणि फोन बंद.

लेक-सून दवाखान्यात. माझे गुडघे संपले, मी फोनपाशी.

२१ मार्च, गुरुवार

सकाळी फोन. नर्सबाई. "आई बरी आहे, मुलगीही बरी आहे. बोला पणजीबाई, फोन बाळाच्या कानाशी धरलाय."

शब्दच सुचेना. मला!