टोलघरातल्या बाईची खिडकी

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी लाँग आयलंडवरची अनोळखी माणसं मला तुमच्यामुळे फोन करतात. याला काय म्हणावं? मध्यंतरी भर मीटिंगमध्ये फोनवर एक बाई विचारते, "टोलघरवाल्या इंजिनीयरची मुलगी ना तुम्ही?" एवढी वर्षं इथे नोकरी केली, घर केलं, आणि ओळख काय, तर ही.

आई गेल्यावर तुम्ही आमच्याकडे राहायला आलात. मला वाटलं, देवळात जाल, इतर काकांबरोबर पत्ते खेळाल. तुम्हाला सापडला पार्कमागे झाडीत दडलेला काँक्रीटचा जुना रस्ता. कुणा श्रीमंतानं शंभर वर्षांपूर्वी फक्त मोटारींसाठी बांधलेला, खाजगी. सरकारचे फुकटचे रस्ते झाले आणि तो बंद पडला. त्याच्यावर ठिकठिकाणी टोलघरं होती. टोल घेणारा बायकामुलांसह तिथेच राहायचा. जन्मभर पीडब्ल्यूडीत रस्ते बांधलेल्या माणसाला रिटायर झाल्यावरही रस्ताच दिसावा! मग दर रविवारी मी ड्रायव्हर. उरलेली टोलघरं लोकांनी राहायला घेतलेली, आणि तुम्ही सरळ त्यांची बेल वाजवायचात. मागच्या सीटवरून लेक म्हणायची, "आई, आजोबा इज डुइंग इट अगेन." मी स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसायची.

एका रविवारी असंच झालं. दार एका उंच, पांढऱ्या केसांच्या बाईंनी उघडलं. तुम्ही इंग्रजीत म्हणालात, "मॅडम, तुम्ही टोलघरात राहता." मी धावत माफी मागायला गेले. बाई म्हणाल्या, "माहीत आहे मला. आत या." स्वयंपाकघरात शेगडीशेजारी एक छोटी खिडकी होती, रस्त्याकडे उघडणारी. तिच्यातूनच टोल घ्यायचे, बाईंनी सांगितलं. तुम्ही त्या खिडकीपाशी उभे राहता. मी घड्याळ बघते. मग मराठीत, माझ्याकडे न बघता म्हणता, "नोकरी नवऱ्याची, पण हॉर्न वाजला की हात पुसत बाईच येत असणार. घाटातल्या क्वार्टरमध्ये तुझ्या आईनं हेच केलं. जीप आली की पोळी तव्यावरून उतरवायची न् चहा टाकायचा. माझ्या रस्त्यावर तिचं नाव कुठे आहे?" आई गेल्यानंतर तिच्याबद्दल तुमच्या तोंडून निघालेलं ते पहिलं वाक्य. आणि तेही परक्या बाईच्या स्वयंपाकघरात! घरी काय झालं होतं बोलायला?

त्या बाई आता वारल्या. भाच्यानं घर विकलं, नव्या मालकाला पाडून मोठं बांधायचंय. त्यांच्या शेजारणीनं मला मीटिंगमध्ये फोन केला तो त्यासाठी. म्हणाली, पाडायच्या परवानगीसाठी गावाच्या समितीपुढे हिअरिंग आहे, तुमचे वडील असते तर आले असते. हो, आलेच असते! हाफ डे टाकून मी गेले, वाटेत ट्रॅफिकमध्ये तुम्हाला मोठ्यानं शिव्या घातल्या. तिथे सगळे त्या श्रीमंत माणसाबद्दल बोलले, त्याच्या शर्यतींबद्दल, मोटारींबद्दल. समितीतला एकजण म्हणाला, "रस्ताच उरला नाही, तर टोलघर कशाला?" माझं डोकंच सणकलं. मी उठले. म्हटलं, रस्ता मालकाचा होता, पण त्या घरात एक बाई जेवणावरून उठत होती, दिवसातून कितीदा, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. मग घाट, क्वार्टर, आई, सगळं सांगितलं. वेळ संपला म्हणून त्यांनी माइक बंद केला, तरी बोलत राहिले.

मालकाला परवानगी मिळाली. पाडणार आहेत. तुमच्या एवढ्या रविवारांचं झालं काय, तर हे.

हे पत्र पाठवायचं कुठे, आणि पाठवून तरी काय, तुम्ही वाचून वर माझ्या शुद्धलेखनाच्या चुका काढाल. फक्त एक सांगते. पुढच्या गावातल्या टोलघराचं हिअरिंग लागलंय. मला कुणी बोलावलेलं नाही. मी रजा टाकली आहे.