पद्धत ठरली, आता फक्त काम बाकी

३ जून, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. मोठी माणसं लिहितात.
सकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. हॉस्पिटलचं अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर महिनाअखेर चालू झालं नाही तर प्रोजेक्ट मॅनेजर बदलू, म्हणाले. प्रोजेक्ट मॅनेजर म्हणजे मी. पेशंट अजून पहाटेपासून रांगेत उभे असतात म्हणे. असणारच. आधी सगळं कागदावर, मग डॉक्टरांच्या सह्या, मग काम, ही आमची पद्धत. आठ महिने सह्याच गोळा करतोय. दोष माझा नाही, पद्धतीचा आहे. पद्धत बदलणार.

४ जून
बदलली. टीमला सांगितलं, आजपासून आपण अजाईल. थोडं करायचं, दाखवायचं, पुन्हा थोडं करायचं. टीम सांभाळणाऱ्या लीड बाईंनी विचारलं, म्हणजे आज नेमकं काय करायचं? म्हटलं, आधी विचार बदलायचे. त्यांनी वही मिटली. पटलं असावं. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणाऱ्या टेस्टरने विचारलं, तारीख तीच ना? याला मी मनातल्या मनात शंकासूर म्हणतो. निगेटिव्ह माणूस.

६ जून
स्टँड-अप मीटिंग सुरू. पंधरा मिनिटं, सगळ्यांनी उभं राहून. आज पावणेदोन तास चालली. बोलणारा मुख्यतः मी. मध्येच पाठ धरली म्हणून स्वतःपुरती खुर्ची मागवली. बाकीचे उभेच होते, म्हणजे पद्धत पाळली गेली.

१० जून, सोमवार
भिंतीवर बोर्ड. रंगीत चिठ्ठ्या. पिवळी म्हणजे बाकी, निळी म्हणजे चालू, हिरवी म्हणजे झालं. सबंध सकाळ रंग ठरवण्यात गेली, पण एकमताने ठरले. संध्याकाळी पाहिलं तर हिरवा कोपरा अगदीच ओसाड. ‘बोर्ड लावला’ अशी एक हिरवी चिठ्ठी मीच लावली. बरं वाटलं.
जेवताना हिला सगळं समजावून सांगितलं. हिने एवढंच विचारलं, की बाबांना नंबर कधी मिळणार? सासऱ्यांचे गुडघे गेलेत, तेही त्याच रांगेत असतात. म्हटलं, अगं, वापरणाऱ्याच्या नजरेतून बघणं हेच तर अजाईल. ही ताट उचलून आत गेली.

१४ जून
मेहुण्याचा फोन. त्यांच्या ऑफिसात अजाईल कधीच जुनं झालं. आता कानबान. हातातलं काम संपल्याशिवाय दुसरं घ्यायचं नाही. आधी सांगायला काय झालं होतं याला? दुपारी कानबान जाहीर केलं. हातातलं सगळं थांबवून नवा बोर्ड आखायला लावला.

१८ जून
दोन्ही एकत्र केलं. याला हायब्रिड म्हणतात. शंकासूर पॅन्ट्रीत कुणाला तरी सांगत होता, नाचता येईना, अंगण वाकडं. नवीन घर बघतोय वाटतं. प्रोजेक्ट गळ्याशी आलाय आणि याला अंगणं सुचतात.

२० जून
आज भरून आलं. टीमने आपणहून साहेबांना भेटून माझं नाव ट्रेनिंगला दिलं. शहराबाहेर, रिसॉर्टवर, पूर्ण आठवडा, सर्टिफिकेटसह. लीड बाईंनी तीनतीनदा विचारलं, तिथे फोन बंदच ठेवावा लागतो ना? किती काळजी. असं प्रेम मागून मिळत नाही.

२५ जून, रिसॉर्ट
आज काड्यापेटीच्या काड्यांचा मनोरा उभारायचा होता. मी गटाला आधी पद्धत ठरवू म्हटलं. ठरेपर्यंत वेळ संपला. शिकवणारे सर म्हणाले, अपयशातूनच शिकायचं असतं. त्या हिशेबाने सगळ्यात जास्त आम्हीच शिकलो.

२८ जून, शुक्रवार
सर्टिफिकेट मिळालं. फ्रेम करायला टाकलं. सोमवारी साहेबांकडे मुदत वाढवून मागणार. ‘महिनाअखेर’ हीच मुळात जुनाट कल्पना आहे. स्लाइड्स तयार.

२९ जून, शनिवार
सकाळी ही म्हणाली, बाबा डॉक्टरांना दाखवून आले. घरूनच मोबाइलवर नंबर घेतला, वेळेवर आत गेले, रांग नाही, काही नाही. मी विचारलं, कुणाचं सॉफ्टवेअर? “अहो, तुमचंच की! बुधवारी चालू झालं. तुम्हाला ठाऊक नाही?”
ठाऊक कसं नसेल, म्हटलं. मग सासऱ्यांचा फोन आला. जावईबापू, गरिबाच्या गुडघ्यांचा दुवा घ्या, म्हणाले. मी म्हटलं, थोडा त्रास झाला, पण केलं. फोन ठेवल्यावर बराच वेळ बाल्कनीत उभा होतो. चहा गार झाला.

१ जुलै, सोमवार
केबिनमध्ये साहेब, लीड बाई आणि शंकासूर. साहेब खुशीत. विचारलं, आठ महिने अडलेलं काम एका आठवड्यात कोणत्या पद्धतीने केलंत? मी हायब्रिड म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात शंकासूर म्हणाला, “सर ट्रेनिंगला गेले होते.”
कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. लीड बाई टेबलाकडे बघत होत्या. साहेबांनी सावकाश मान डोलावली. मॅनेजर बदलायचं कारण नाही, म्हणाले. मला हायसं वाटलं. मग त्यांनी लीड बाईंना विचारलं, यापेक्षा लांबचं ट्रेनिंग असतं का? असतं, तीन महिन्यांचं. बाईंनी चौकशी आधीच करून ठेवली होती.
येताना बस हॉस्पिटलवरून गेली. फाटकाबाहेर कुणी नव्हतं. आठ महिने रोज जाता-येता मी तिथली गर्दी बघायचो आणि सह्यांचा विचार करायचो. मी नव्हतो म्हणून ती गेली. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.
हिने विचारलं, साहेब काय म्हणाले? म्हटलं, खूश आहेत, पुन्हा पाठवतायत.
बॅग भरतोय.