भुऱ्याच्या पायातली तार

दादा,

तू रानडुकरासाठी वावराच्या धुऱ्यावर लावलेल्या तारेच्या फासात आपला भुऱ्याच सापडला. तुले फोन लावून लावून थकली. रविवारचा सरकारी दवाखाना बंद, म्हणून कुत्रं मूल गावाले ढोराच्या डॉक्टरच्या घरीच नेलं. जेवण अर्धवट सोडून त्यानं पडवीतच टाके घातले. जीव वाचला, पण पाय कामातून गेला.

“तार कोणाची?” त्यानं विचारलं.

“मले मालूम नाई,” मी म्हटलं. फासे लावल्यापायी तुले फॉरेस्टवाल्यानं धरून नेलं तर आई खचन; तिच्यासाठी खोटं बोलली, तुह्यासाठी नाई.

आई धानाच्या रोवण्यावरून आली की तिले खरं तूच सांग. बाकीचे फासे आजच काढ.

भुऱ्याले घेऊन मी मावशीकडे पोंभुर्ण्याले चालली. त्याले पाहाले येऊ नको. तुले पाहून तो शेपटीच हलवीन, अन् मले ते पाहवणार नाई.

चंचल