बाजाराच्या दिवशीची सोनोग्राफी

अविनाश,

माझ्या वऱ्हाडी बोलण्याले तू हसायचा, म्हणून हे मुद्दाम वऱ्हाडीतच लिहून राह्यली. "सातपुड्याच्या पायथ्याले सोनोग्राफीची मशीन धूळच खाईन," असं म्हणून तू आपलं ठरलेलं लग्न अन् इथल्या दवाखान्यातली सोनोग्राफी डॉक्टरची नोकरी, दोन्ही सोडून पुण्याले गेला.

मशीन खरंच धूळ खात होती. तपासणी ठेवली होती सोमवारी, अन् डोंगरातल्या गावांतून जीप निघते फक्त बाजाराच्या दिवशी. मंग बाया येतीन कशा? बुलढाण्याच्या बैठकीत मी भांडली अन् तपासणी बाजाराच्या दिवशी आणली.

पह्यल्याच बाजाराले व्हरांडा भरला. दिवस भरत आलेली आशाबाई वांग्याची पिशवी खाटेखाली सरकवून म्हणे, "डॉक्टरीणबाई, लवकर पाहा, जीप निघून जाईन!" पाह्यलं तं बाळाची वार गर्भाशयाच्या तोंडावरच होती. घरी कळा सुरू झाल्या असत्या तं रक्त जाऊन दोघंही गेले असते. मी जीप जाऊ देली, अन् तिले अँब्युलन्सनं बुलढाण्याले धाडलं.

आज तिचा नवरा पेढे घेऊन आला. मायलेकरू खुशाल हायेत.

आता इथं दुसऱ्या सोनोग्राफी डॉक्टरची जागा मंजूर झाली. पण हे पत्र मी टाकणार नाही. तुले वाटीन, मी बोलावून राह्यली.

तुझी नाही, या डोंगरातल्या बायांची,
डिंपल