शिंप्याच्या डोळ्यात बाईंचे थेंब

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त कागदावरच). तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस असं डॉक्टरांनी सांगितलं असताना तू गच्चीवर पापड... असो, मला काही कळलेलं नाही.

मी डोळ्यांच्या इस्पितळात दिसले म्हणून तू घाबरून पत्र धाडलंस. माझे डोळे ठणठणीत आहेत. मी इथे नोकरीला आहे. आता कॉम्प्युटरवालीचं इथे काय काम, तर ऐक.

आमच्याकडे कॉर्नियासाठी (म्हणजे बुबुळावरची काच गं) थांबलेल्या लोकांची यादी आहे. कोणी मरणोत्तर डोळे दिले, की ज्याची पाळी असेल त्याला फोनवर निरोप जातो. तो धाडणारा प्रोग्राम मी लिहिला. तो पडद्यामागे दिवसभर आपला आपण चालत असतो, कोणी त्याच्याकडे बघतही नाही. दर वेळी मुख्य नोंदींत शोधत बसायला वेळ लागतो, म्हणून मी त्याला अख्खी यादी स्वतःच्या मेमरीत भरून दिली. ह्याला कॅश म्हणतात (रोकड नव्हे). चिमूटभर मिठासाठी दर वेळी वाण्याकडे धावू नये म्हणून आपण घरात बरणी भरून ठेवतो, तसंच. फक्त ती बरणी अधूनमधून रिकामी करून ताजा माल भरायचा असतो, हे प्रोग्रामला सांगायला मी विसरले. सुरू झाला त्या दिवशीची यादी घेऊन तो तीन आठवडे खुशाल बसला होता.

यादीत एक निवृत्त गाण्याच्या बाई होत्या. चौदा महिने थांबलेल्या. त्यांच्याकडे फोन नव्हता, म्हणून घराखालच्या शिंप्याचा नंबर दिलेला. पुढे त्या मुलाकडे राहायला गेल्या, मुलाने इमानाने नवा नंबर कळवला, आमच्या कारकुनाने इमानाने नोंदवला. बेइमान एकटी माझी बरणी.

मंगळवारी त्यांची पाळी आली आणि निरोप गेला शिंप्याला: तुमची पाळी आली आहे, दोनच्या आत या, काही खाऊ नका, सोबत जबाबदार माणूस आणा. (निरोपात रुग्णाचं नाव घालत नाहीत.) त्या भल्या माणसाची गेले काही महिने सुईत दोरा ओवताना झटापट चालली होती. बायकोने परस्पर नाव घातलं असणार असं समजून तो उपाशीपोटी हजर झाला. जबाबदार माणूस म्हणून, कोट शिवायला आलेलं गिऱ्हाईक घेऊन! त्या गिऱ्हाइकाच्या कोटाला एकच बाही होती.

नर्सने निरोप पाहिला, डोळ्याची बाहुली मोठी करणारे थेंब घातले. मग डॉक्टरीणबाई आल्या, कागद बघितला, माणूस बघितला आणि मला खाली बोलावलं. मुख्य नोंदींत बाईंचा खरा नंबर होता. लावला, तर कोणी उचलेना (मुलाचा फोन कारखान्यातल्या कपाटात वाजत होता, हे मागाहून कळलं). पत्ता मात्र नोंदींतही जुनाच. साडेबारा झालेले. बाई नाही आल्या तर कॉर्निया पुढच्या माणसाला जाणार.

"त्या बाई होय? त्यांचं कपाट मीच उचलून नेलंय नव्या घरी," शिंपी म्हणाला. "चला, दाखवतो."

दाखवतो म्हणे! थेंबांमुळे त्याला समोरचा हातही दिसत नव्हता. मी स्कूटर चालवतेय, मागे तो डोळे गच्च मिटून, "आता चढ लागला ना? मग डावीकडे. लोखंड कापल्याचा आवाज आला की थांबा." दोनदा चुकलो, एकदा एका लग्नाच्या मांडवात शिरलो. पण पोचलो. खिडकीतून बघते तर बाई ताटावर बसलेल्या, हातात पहिला घास.

"बाई, खाऊ नका!" मी बाहेरूनच किंचाळले.

त्यांनी घास खाली ठेवला. कोण, काय, काहीच विचारलं नाही. "पाळी आली?" एवढंच म्हणाल्या आणि चपला चाचपू लागल्या. आत्या, मी तिथेच रडले.

पावणेदोनला रिक्षाने इस्पितळात. शस्त्रक्रिया नीट झाली. काल पट्टी काढली तेव्हा मी मुद्दाम गेले, सगळा गुन्हा कबूल केला. बाईंनी मला खूप वेळ न्याहाळलं आणि म्हणाल्या, "ओरडतेस तेव्हा पट्टी काळी पाच लागते तुझी. गाणं शीक." अजून धूसर दिसतं, पण महिन्या-दोन महिन्यांत वाचू लागतील म्हणे. शिंप्याला चष्मा लागला आहे. प्रोग्रामचंही मी निस्तरलं: आता नोंद बदलली की मेमरीतली जुनी तत्क्षणी पुसली जाते, आणि निरोप धाडण्याआधी तो मुख्य नोंदींत बघितल्याशिवाय हलत नाही. डॉक्टरीणबाईंनी मला काढलं नाही, कायम केलं. आयुष्यात इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

तुझी लाडकी (हे तूच म्हणालीस)
भाची

ता. क. बाबांना वाटतं मी अजून त्या मोठ्या कंपनीतच आहे. ती नोकरी मी जानेवारीत सोडली. तू त्यांची थोरली बहीण, तुझ्यापुढे आवाज चढवत नाहीत. रविवारी त्यांना जेवायला बोलाव आणि हळूहळू विषय काढ.

पुन्हा ता. क. हळूहळू नको, एकदम सांगून टाक. मी तुझ्या आतल्या खोलीत बसलेली असेन. त्यांनी दुसऱ्यांदा भात मागितला, की मला हाक मार.